चित्र येते, आवाज येत नाही: संगणक टीव्हीला जोडताना आवाज अडतो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, चित्र स्वच्छ आले, पण आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येत राहिला. केबल बदलली, टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला, लॅपटॉपवर साउंडचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) पुन्हा टाकला, काही फरक नाही. मग खात्री करायला जुना डेस्कटॉप त्याच्या निळ्या टोकाच्या केबलने टीव्हीच्या मागे लावला, तर तिथेही चित्र आहे आणि आवाज नाही. दोन वेगळे संगणक आणि दोन्हींची एकच तक्रार, म्हणजे दोष टीव्हीचा असणार. दुरुस्तीला द्यावा का?

अजून देऊ नका. तुमचा तर्क वरवर बरोबर वाटतो, पण इथे एकच दोष दोनदा दिसलेला नाही, दोन वेगळे दोष सारखे दिसत आहेत. डेस्कटॉप ज्या केबलने जोडला तिच्यातून आवाज कधी जातच नाही. लॅपटॉपच्या केबलमधून तो जाऊ शकतो, पण लॅपटॉप पाठवत नसावा. घरे आणि सभागृहे यांतल्या अशा जोडण्या करून देणे हे माझे रोजचे काम आहे. ‘टीव्हीचा आवाज गेला’ म्हणून बोलावणे येते तेव्हा टीव्ही खरोखर बिघडलेला क्वचितच निघतो. ते पडताळायला सोपा उपाय आहे: सेट-टॉप बॉक्स त्याच एचडीएमआय पोर्टला, त्याच केबलने लावा. त्याचा आवाज आला, तर टीव्ही, पोर्ट आणि केबल तिघेही निर्दोष सुटले.

आधी केबलचे पाहू, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे.

निळ्या टोकाची, पंधरा पिनांची केबल म्हणजे व्हीजीए. ती 1987 साली आयबीएमच्या संगणकांबरोबर आली आणि फक्त चित्रासाठीच बनली होती. लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे संकेत आणि चित्र जुळवण्याच्या खुणा एवढेच तिच्यातून जाते. आवाजासाठी तिच्यात तारच नाही, त्यामुळे कुठलीही सेटिंग बदलून तो येणार नाही. 1999 मधली डीव्हीआय नावाची चित्राची जोडणीसुद्धा मुळात चित्रापुरतीच. पण काही ग्राफिक्स कार्डे डीव्हीआय पोर्टला एचडीएमआयचे टोक लावले की त्यातूनही आवाज पाठवतात आणि काही पाठवत नाहीत. म्हणून ‘माझ्याकडे डीव्हीआयवर आवाज येतो’ आणि ‘डीव्हीआयवर आवाज येणे शक्यच नाही’ ही दोन्ही वाक्ये तुम्हाला ऐकायला मिळतील. दोन्ही आपापल्या कार्डापुरती खरी आहेत.

एचडीएमआयमध्ये मात्र पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 2002 पासून, आवाज चित्राबरोबरच जातो. त्यासाठी वेगळी तार नसते. चित्राच्या ओळींमध्ये आणि दोन चित्रांमध्ये ज्या रिकाम्या जागा असतात, त्यांत आवाजाची पाकिटे बसवलेली असतात. म्हणून केबल बदलून आवाज आल्याचे उदाहरण फार कमी सापडते. केबल खराब असेल तर त्रास आधी चित्रात दिसतो: ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो. चित्र तासन्‌तास स्थिर आहे आणि आवाज शून्य आहे, अशा वेळी केबलवर संशय घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

डिस्प्लेपोर्ट आणि चित्र देणारा यूएसबी-सी पोर्ट यांतूनही आवाज जातो. जुन्या मॅकच्या मिनी डिस्प्लेपोर्टला अपवाद म्हणायला हवे: तो 2008 मध्ये आला, पण त्यातून आवाज बाहेर पडू लागला 2010 च्या मॉडेलांपासून. त्याआधीचा मॅक असेल तर अडॉप्टर बदलून काही होणार नाही.

आता तुमचा लॅपटॉप. इथे एकच गोष्ट आधी बघा, बाकी काही करू नका: टीव्ही चालू असताना, केबल जोडलेली असताना, संगणकाच्या आवाजाच्या यादीत टीव्हीचे नाव दिसते का?

विंडोजमध्ये खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करा, साउंड सेटिंग्ज उघडा आणि आउटपुटची यादी पाहा. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये आउटपुट. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवरही सेटिंग्जमध्ये साउंड असतेच. यादीत टीव्हीच्या कंपनीचे किंवा मॉडेलचे नाव असेल. कधी नुसते ‘डिजिटल ऑडिओ’ किंवा ‘एचडीएमआय’ असेही लिहिलेले असते. या एका उत्तरावर पुढचा अर्धा शोध वाचतो. नाव आहे, तर संगणकाने टीव्हीला ओळखले आहे आणि आवाज फक्त दुसरीकडे वळलेला आहे. नाव नाही, तर अडचण ओळखीतच आहे, आणि आवाजाची पट्टी वर-खाली करण्यात वेळ घालवू नये.

नाव असेल तर ते निवडा. शंभरातल्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, तुमचीही मिटावी. केबल लावल्यावर संगणक कधी आपणहून टीव्हीकडे वळतो, कधी लॅपटॉपच्या स्पीकरलाच चिकटून राहतो. पूर्वी कधी तुम्ही हाताने स्पीकर निवडला असेल, हेडफोन लावले असतील, तर तीच निवड लक्षात ठेवलेली असते. विंडोज 11 मध्ये विंडोज कळ, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबले की हीच यादी थेट उघडते. रोज जोड-काढ करणाऱ्याने ती सवय लावून घ्यावी.

निवडूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर जो व्हिडिओ चालू आहे तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. काही प्लेअर सुरू होताना जे उपकरण पकडतात ते सोडत नाहीत, आणि व्हीएलसीसारख्यांच्या मेनूत आवाजाचे उपकरण वेगळे निवडता येते. विंडोजमध्ये तर प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळे आउटपुट देण्याची सोय व्हॉल्यूम मिक्सरमध्ये आहे. कधीकाळी तिथे काही बदलले गेले असेल तर ब्राउझरचा आवाज एकीकडे आणि बाकी सगळ्याचा दुसरीकडे जातो. एकाच प्रोग्रॅमचा आवाज हरवला असेल तर आधी तिथेच जा.

मॅकवाल्यांसाठी एक सूचना. एचडीएमआयवर आवाज गेला की कीबोर्डवरच्या आवाजाच्या कळा बहुधा काम करत नाहीत. हा बिघाड नव्हे. मॅक ठरावीक पातळीवर आवाज पाठवतो आणि कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करायचा असतो.

यादीत नावच नसेल तर काय, हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक नको ते ड्रायव्हर टाकत बसतात.

केबल जोडली की संगणक टीव्हीला विचारतो, ‘तुला काय काय चालते?’ टीव्ही आपल्या पोटातली एक छोटी नोंद वाचायला देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. तिच्यात कोणते रिझोल्यूशन चालेल ते असते, आणि आवाज घेता येतो का, किती चॅनेल (म्हणजे डावा, उजवा असे आवाजाचे वेगळे प्रवाह), कोणत्या प्रकारचा, हेही असते. आवाजाचा भाग वाचता आला नाही तर संगणक समोरच्याला बिनआवाजाचा मॉनिटर समजतो, चित्र बिनदिक्कत पाठवतो आणि यादीत आवाजाचे उपकरण दाखवत नाही. चित्र उत्तम आणि आवाज गायब, हे कोडे बऱ्याचदा असे तयार होते.

ही नोंद चुकीची वाचली जाण्याची कारणे साधी असतात. टीव्ही बंद असताना संगणक सुरू केला. मध्ये स्प्लिटर, स्विच किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर आहे आणि तो टीव्हीची नोंद पुढे पोचवण्याऐवजी स्वतःचीच पुढे करतो. किंवा झोपेतून उठलेल्या लॅपटॉपने जुनीच नोंद धरून ठेवली. म्हणून मधली सगळी उपकरणे काढा आणि संगणक थेट टीव्हीला जोडा. टीव्ही बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करा आणि मिनिटभर थांबा. रिमोटने बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद नसतो. मग टीव्ही आधी चालू करा, योग्य इनपुट निवडा आणि त्यानंतर संगणक सुरू करा. टीव्हीवर दुसरा एचडीएमआय पोर्ट असेल तर तोही वापरून पाहा. गंमत वाटेल, पण माझ्या कामात या क्रमाने जितके प्रश्न सुटतात तितके ड्रायव्हरने सुटत नाहीत.

तरीही नाव आले नाही तर ड्रायव्हरकडे वळा, पण योग्य ड्रायव्हरकडे. एचडीएमआयचा आवाज मदरबोर्डवरच्या साउंड चिपमधून जात नाही. ग्राफिक्सच्या चिपमध्येच आवाजाचा वेगळा भाग असतो, तो पाठवतो. तुम्ही जो साउंडचा ड्रायव्हर पुन्हा टाकलात तो लॅपटॉपच्या स्पीकरचा आणि हेडफोनच्या भोकाचा असणार. त्याचा टीव्हीशी संबंध नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या यादीत, ‘इंटेल डिस्प्ले ऑडिओ’, ‘एनव्हिडिया हाय डेफिनिशन ऑडिओ’ किंवा एएमडीचे तसेच काही नाव शोधा. त्यावर खाली बाण असेल तर ते बंद केलेले आहे, उजव्या क्लिकने चालू करा. पिवळी खूण असेल किंवा ते नावच नसेल, तर लॅपटॉपच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या अधिकृत पानावरून ग्राफिक्सचा पूर्ण ड्रायव्हर घ्या. आवाजाचा भाग त्याच्याबरोबरच येतो, आणि टाकताना निवडीचे चौकोन दिसले तर ऑडिओचा चौकोन काढू नका.

विंडोजमध्ये आणखी एक आडोसा आहे. साउंड सेटिंग्जच्या तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे. तिथल्या प्लेबॅकच्या यादीत रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’ला खूण करा. हाताने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने बंद केलेला टीव्ही तिथे फिकट रंगात बसलेला सापडतो. लिनक्समध्ये याच्या जोडीचे ठिकाण म्हणजे ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’मधला कॉन्फिगरेशनचा टॅब. तिथे प्रोफाइल ‘अ‍ॅनालॉग’वरून ‘डिजिटल स्टिरिओ, एचडीएमआय’वर न्यावे लागते. तेही करून शांतताच असेल तर टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडा, ग्राफिक्सचे साउंड कार्ड निवडा आणि एस/पीडीआयएफच्या (डिजिटल आवाजाच्या) खांबाखाली ‘एमएम’ दिसते का पाहा. दिसले तर ते म्यूट आहे. ‘एम’ची कळ दाबली की उघडते.

डेस्कटॉपवर एचडीएमआय पोर्ट दोन जागी असू शकतो: एक मदरबोर्डचा, एक ग्राफिक्स कार्डाचा. केबल एकीकडे आणि यादीतली निवड दुसरीकडे असे होऊ देऊ नका. वेगळे कार्ड बसवलेले असेल तर त्याच्याच पोर्टला जोडा.

इथवरचे पुन्हा एकदा, कारण घाईत वाचणारे इथेच गोंधळतात: केबल आवाज नेणारी आहे का, ते आधी, मग यादीत नाव आहे का, असेल तर निवड आणि प्रोग्रॅम, नसेल तर थेट जोडणी, चालू करण्याचा क्रम आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

आता तिसरी अवस्था, सगळ्यांत चिवट. यादीत नाव आहे, निवडले आहे, गाणे चालू केले की नावाशेजारची हिरवी पट्टी हलतेही आहे, पण टीव्ही मुका. हलणारी पट्टी सांगते की संगणकाने आपले काम केले. मग दोनच शक्यता उरतात: पाठवलेला आवाज टीव्हीला समजत नाही, किंवा टीव्ही तो दुसरीकडे पाठवतो आहे.

पहिलीसाठी आवाजाचा प्रकार सर्वांत साधा करा. आवाज घेणाऱ्या कुठल्याही एचडीएमआय टीव्हीला दोन चॅनेलचा, 32, 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झचा साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल) आवाज घेता आलाच पाहिजे, असा त्या मानकाचाच नियम आहे. म्हणून टीव्हीच्या नावावर क्लिक करून फॉरमॅटमध्ये दोन चॅनेल, 16 बिट, 48 किलोहर्ट्झ निवडा. मॅकमध्ये हे ‘ऑडिओ मिडी सेटअप’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये सापडते. मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज, असे समजून कुणी 192 किलोहर्ट्झ ठेवून दिलेले असते आणि टीव्ही गप्प बसतो. टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर त्या आकड्याने काही मिळत नाही. प्लेअरमध्ये ‘पासथ्रू’ चालू असेल तर तेही बंद करा. त्यात डॉल्बी किंवा डीटीएस या दाबलेल्या प्रकारांतला आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे जातो, आणि डीटीएस न उलगडणारे टीव्ही भरपूर आहेत. लक्षण ओळखण्यासारखे असते: बाकी सगळ्याला आवाज आहे, ठरावीक चित्रपटांच्या फाइलींना नाही.

याचाच चुलतभाऊ म्हणजे ‘संगीत मोठ्याने ऐकू येते, संवाद येत नाहीत’. संगणक 5.1 वर, म्हणजे सहा स्पीकरच्या रचनेवर, ठेवलेला असतो, संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात, आणि दोन स्पीकरच्या जोडणीत तो चॅनेल कुठेच वाजत नाही. स्पीकरची रचना स्टिरिओ करा, संवाद परत येतात.

दुसऱ्या शक्यतेसाठी टीव्हीच्या मेनूत जा. साउंड आउटपुट ‘टीव्ही स्पीकर’ आहे की ऑप्टिकल, ब्लूटूथ, बाहेरचा साउंडबार यांपैकी काही? टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात काही अडकलेले नाही ना? आणि त्या एचडीएमआय पोर्टच्या शेजारी ‘डीव्हीआय’ असे छापले आहे का? काही टीव्हींवर, विशेषतः थोड्या जुन्या, एक पोर्ट डीव्हीआयवाल्या संगणकांसाठी राखलेला असतो. त्या इनपुटला मेनूत ‘डीव्हीआय पीसी’ असे नाव दिले की टीव्ही एचडीएमआयमधल्या आवाजाकडे दुर्लक्ष करून बाजूच्या गोल भोकातून आवाज येण्याची वाट पाहतो. अशा वेळी इनपुटचे नाव बदला किंवा सरळ दुसरा पोर्ट घ्या. ही सेटिंग आवाजाच्या मेनूत नसून इनपुटच्या नावांत असते, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही.

तुमच्या डेस्कटॉपसाठी मार्ग वेगळा आहे. आधी त्याच्या मागे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे का ते नीट बघा. बऱ्याचदा तो असतो आणि सवयीने निळी केबलच लावली जाते. नसेलच तर चित्र व्हीजीएने आणि आवाज वेगळ्या केबलने न्यायचा. संगणकाच्या मागच्या हिरव्या भोकातून दोन्ही टोकांना 3.5 मिलिमीटरची पिन असलेली केबल काढा आणि टीव्हीच्या ‘पीसी ऑडिओ इन’ लिहिलेल्या भोकात घाला. टीव्हीवर तसे भोक नसून लाल-पांढरी गोल भोके (आरसीए) असतील, तर एका टोकाला पिन आणि दुसऱ्याला लाल-पांढरी टोके असलेली केबल लागेल. पण इथे एक अट आहे: टीव्ही व्हीजीएच्या इनपुटवर असताना कोणत्या भोकातला आवाज वाजवायचा हे टीव्हीच्या रचनेत ठरलेले असते. लाल-पांढऱ्या भोकांचा आवाज फक्त पिवळ्या भोकाच्या चित्राबरोबर लागतो, असे टीव्ही आहेत. टीव्हीच्या पुस्तिकेत जोडणीची आकृती असते, ती बघून मगच केबल घ्या. हेडफोनचे चिन्ह असलेल्या भोकात घालू नका; तिथून आवाज बाहेर येतो, आत जात नाही.

व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा डबा घेणार असाल तर आवाजाची पिन असलेलाच घ्या. तो व्हीजीएमधून चित्र, हिरव्या भोकातून आवाज आणि यूएसबीमधून वीज घेऊन चित्र आणि आवाज यांचा एचडीएमआय करतो. नुसती तार असलेली, एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी केबल विकली जाते, पण आत इलेक्ट्रॉनिक्स नसेल तर तिच्यातून चित्रही येत नाही.

वेगळ्या केबलने आवाज नेल्यावर सतत ‘हुंम्’ असा घुमारा येऊ शकतो. संगणक आणि टीव्ही वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर दोघांना एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. चार्जर काढताच घुमारा गेला तर तो अर्थिंगच्या वाटेने येतो आहे, आणि मध्ये बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की जातो. अर्थिंगची पिन मोडून हा प्रश्न सोडवणारे भेटतील. तसे करू नका, त्यात शॉक बसण्याचा धोका आहे.

आवाज आला पण ओठांशी जुळत नाही, ही तक्रार पुढे येईलच, म्हणून तेही सांगून ठेवतो. बहुतेक वेळा टीव्ही चित्रावर सफाईचे संस्कार करतो, त्यात चित्र मागे पडते. गेम मोड किंवा पीसी मोड लावा, तो वेळ वाचतो. ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर उलटे होते, आवाज मागे राहतो. तेव्हा प्लेअरमधली किंवा टीव्हीच्या मेनूतली ऑडिओ डिलेची सोय वापरावी लागते. आणि सूचनेच्या छोट्या ‘टिंग’चा पहिला भाग कापला जात असेल तर घाबरू नका. काही वेळ शांतता राहिली की एचडीएमआयवरचा आवाज झोपी जातो आणि उठायला क्षणभर लागतो. चित्रपट पाहताना याचा त्रास होत नाही.

एवढे करून लॅपटॉपचा आवाज आलाच नाही तर तीन गोष्टी लिहा: यादीत टीव्हीचे नाव दिसते का, गाणे चालू असताना शेजारची पट्टी हलते का, आणि सेट-टॉप बॉक्सचा आवाज त्याच पोर्टवर आला का. शक्य असेल तर टीव्हीच्या मागच्या भोकांचा छापील नावांसह एक फोटोही टाका. डेस्कटॉपला कोणती केबल लागेल ते त्यावरून सांगता येईल.